रक्तदाब ठीक, लॅक्टेट पाच

दुचाकीवरून फेकला गेलेला तो तिशीतला माणूस आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला उठून बसलेला होता. डावा खांदा खरचटला होता, डाव्या बरगड्यांखाली हँडल लागल्याची लालसर खूण होती, आणि बोलणे अगदी व्यवस्थित होते. रक्तदाब ११८/७६, नाडी १०४, ऑक्सिजनचे प्रमाण ९७ टक्के. "डॉक्टर, मला विशेष काही लागलेलं नाही, फक्त थोडं पाणी द्या," असे तो दोनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा माझे लक्ष त्याच्या शब्दांवरून त्याच्या ओठांकडे गेले. ओठ कोरडे होते, कपाळावर बारीक घाम होता आणि हात गार पडले होते. सलाईनसाठी शिरेत सुई घालताना मागे आलेल्या रक्ताचा एक थेंब मी लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन तोकडा पडल्यावर पेशींत वाढणारा पदार्थ, मोजणाऱ्या हातातल्या यंत्राच्या पट्टीवर घेतला. पडद्यावर आकडा आला, ५.१; एरवी तो २ च्या खाली असतो.

त्या काळात आमच्या रुग्णवाहिकेत हे छोटे यंत्र नव्यानेच आलेले होते आणि त्यावर किती विसंबावे याबद्दल माझे मत पक्के झालेले नव्हते. तरीही ५.१ हा आकडा डोळ्यांआड करण्यासारखा नव्हता, म्हणून जवळच्या लहान रुग्णालयाऐवजी शल्यचिकित्सक आणि रक्तपेढी या दोन्ही गोष्टी असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे गाडी वळवली आणि वाटेतून तिथल्या तातडीच्या विभागात फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "बीपी किती आहे?" मी सांगितले, एकशे अठरा. "मग इतकी घाई कशासाठी?" हा पुढचा प्रश्न होता, आणि त्या क्षणी त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. पोहोचल्यावर वीस मिनिटांत त्या माणसाचा वरचा रक्तदाब ८४ वर आला, पोटाच्या सोनोग्राफीत प्लीहेभोवती (स्प्लीन) रक्त दिसले, आणि त्याला शस्त्रक्रियेसाठी नेले. तो वाचला. फोनवर जे उत्तर मला सुचले नाही, ते नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

पेशींना लागणारी ऊर्जा बऱ्याच अंशी ग्लुकोजपासून मिळते. ग्लुकोजचे विघटन होऊन पायरुव्हेट तयार होते, आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर ते पुढे मायटोकॉण्ड्रियामध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, पूर्णपणे जळते; ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशी जे ऊर्जेचे चलन वापरते त्याचे, साधारण ३० रेणू हाती लागतात. ऑक्सिजन तोकडा पडला की ही वाट अडते, पायरुव्हेटचे लॅक्टेट होते, आणि ग्लुकोजच्या त्याच एका रेणूमागे एटीपीचे अवघे २ रेणू मिळतात. पेशी तग धरते, पण त्यासाठी तिला कितीतरी अधिक ग्लुकोज खर्चावे लागते, आणि त्या खर्चाची पावती लॅक्टेटच्या रूपाने रक्तात उतरते. आंबलेल्या दुधातून कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये हे आम्ल प्रथम वेगळे केले, म्हणून त्याचे नाव दुधावरून पडले. मराठीतही ते दुग्धाम्ल म्हणून ओळखले जाते. माणसाच्या रक्तात ते १८४३ मध्ये योहान योसेफ शेरर या जर्मन वैद्याने दाखवले, आणि ते रक्त प्रसूतीनंतरच्या तापाने मरण पावलेल्या स्त्रियांचे होते. म्हणजे या पदार्थाची आणि गंभीर आजाराची गाठ पहिल्याच भेटीपासून पडलेली आहे.

लॅक्टेट म्हणजे शरीरातला कचरा ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे १५०० मिलिमोल लॅक्टेट तयार होते आणि तेवढेच वापरलेही जाते. हृदय ते इंधन म्हणून जाळते, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते, मूत्रपिंडेही आपला वाटा उचलतात. रक्तातली पातळी लिटरमागे २ मिलिमोलच्या खाली राहते, ती या आवकजावकीच्या मेळामुळे. त्यामुळे आकडा वाढलेला दिसला की प्रश्न दोन असतात: तयार होणे वाढले आहे का, आणि निचरा मंदावला आहे का? मोठ्या रक्तस्रावात बहुधा दोन्ही एकाच वेळी घडते, कारण आतडे, त्वचा आणि स्नायू यांच्याबरोबर यकृताकडे जाणारे रक्तही कमी होते.

आता रक्तदाबाकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. जखमींच्या उपचारांचे जे प्रशिक्षण जगभर दिले जाते, त्यात रक्तस्रावाचे चार वर्ग शिकवतात, आणि त्यातल्या दुसऱ्या वर्गात, म्हणजे १५ ते ३० टक्के रक्त गेलेले असताना, वरचा रक्तदाब सामान्यच राहू शकतो असे स्पष्ट सांगितलेले असते. म्हणजे दीड लिटरच्या आसपास रक्त पोटात साचलेले असूनही मनगटावरची नाडी भरलेली लागू शकते. शरीर हे कसे साधते? रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय वेगाने धावू लागते, आणि मेंदू व हृदय यांना रक्त मिळत राहावे म्हणून बाकीच्या अवयवांच्या तोंडचा घास काढून घेतला जातो. रक्तदाबाचा पट्टा या सगळ्या धडपडीचा यशस्वी शेवट तेवढा मोजतो. त्या यशाची किंमत बाकीच्या अवयवांनी किती मोजली, हे त्याला कळत नाही, आणि लॅक्टेटमधून नेमके तेच कळते. तरुण, धडधाकट माणसात ही धडपड फार वेळ टिकते आणि मग एकदम कोसळते. रस्त्याच्या कडेला पाणी मागणारा तो माणूस त्या टिकाव धरण्याच्या काळात होता.

नाडी आणि वरचा रक्तदाब यांचा भागाकार, ज्याला शॉक इंडेक्स म्हणतात, तो तरी इशारा देतो का, असे कोणी विचारील. १९६७ पासून वापरात असलेले हे साधे गणित मला आवडते, त्याला यंत्र लागत नाही, आणि यंत्र नसेल तिथे ते प्रत्येकाने करावे. ०.९ च्या वर गेले की सावध व्हायचे, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या माणसाचे गणित मी नंतर कागदावर मांडले: १०४ भागिले ११८, म्हणजे ०.८८. काठावर, पण संकेताच्या अलीकडे. कोणत्याही तक्त्याने त्याला धोक्याच्या रकान्यात टाकले नसते.

लॅक्टेट आणि शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याची अवस्था, यांचे नाते नव्याने शोधलेले नाही. ब्रोडर आणि वाइल यांनी १९६४ मध्ये शॉकमधल्या रुग्णांत वाढीव लॅक्टेट आणि मृत्यू यांचा संबंध दाखवला. जखमींच्या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९३ चा एक अभ्यास. त्यात ७६ गंभीर जखमी होते. ज्या २७ जणांचे लॅक्टेट २४ तासांत सामान्य पातळीवर आले ते सर्वच्या सर्व वाचले. २४ ते ४८ तासांत उतरले त्यांच्यापैकी तीन चतुर्थांश वाचले. आणि ४८ तासांनंतरही ज्यांचे उतरले नाही अशा २२ जणांपैकी केवळ ३ वाचले. अभ्यास लहान आहे, तरी त्या तीन आकड्यांमधला उतार पाहिला की अंगावर काटा येतो. रुग्णालयात लॅक्टेट मोजणे त्यानंतर सवयीचे होत गेले. प्रश्न उरला तो त्याआधीच्या वेळेचा, म्हणजे अपघाताच्या जागेपासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचा.

हातात मावणारी यंत्रे आल्यावर त्याही प्रश्नाला हात घालता आला. नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णवाहिकेतल्या १२४ रुग्णांचे लॅक्टेट मोजले गेले; ज्यांचे ३.५ किंवा त्याहून अधिक होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के, आणि त्याखालच्यांत १२ टक्के होते. ते रुग्ण सर्व प्रकारच्या तातडीच्या आजारांचे होते, केवळ अपघाताचे नव्हते. अमेरिकेत हवाई रुग्णवाहिकांतून आणलेल्या ११६८ जखमींच्या नोंदींवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात वाटेतल्या लॅक्टेटचा संबंध मृत्यूशी, तातडीच्या शस्त्रक्रियेशी आणि पुढे अनेक अवयव निकामी होण्याशी दिसून आला. त्यानंतर २०१५ मध्ये रस्त्याने नेलेल्या जखमींचा अभ्यास आला, आणि तो आमच्यासारख्यांच्या अधिक उपयोगाचा होता, कारण त्यात मुद्दाम अर्धवट पट्ट्यातले रुग्ण घेतले होते: वरचा रक्तदाब ७० च्या वर, पण १०० पर्यंतच. यांच्यापैकी कोणाला पुढे रक्त, शस्त्रक्रिया किंवा तसा मोठा उपचार लागेल, हे रक्तदाबापेक्षा लॅक्टेटने अधिक नेमके सांगितले. जिथे रक्तदाब ६० आहे तिथे आकड्याची गरजच नसते. तिथे डोळे पुरेसे असतात. ज्याच्याकडे पाहून मन दोन्हीकडे झुकते, त्याच्यासाठी हा थेंब आहे.

हे सगळे अभ्यास संबंध दाखवतात, हे मात्र विसरता येत नाही. लॅक्टेट जास्त असलेले अधिक दगावतात हे सिद्ध होणे वेगळे, आणि वाटेत लॅक्टेट मोजल्यामुळे कोणी वाचले हे सिद्ध होणे वेगळे. २०१६ मध्ये उपलब्ध निबंधांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनीही हाच सावधपणा राखला आणि पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. मी याबाबतीत त्यांच्या बाजूचा आहे, आणि तरीही यंत्र गाडीत हवे असे म्हणतो. त्यामागचे कारण पुढे येईलच.

त्याआधी यंत्राविषयी. पट्टीवर लॅक्टेट ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, थेंबातल्या लॅक्टेटशी त्याची क्रिया होते, विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि यंत्र त्याचे आकड्यात रूपांतर करते. साखर मोजण्याच्या यंत्रासारखेच हे दिसते. एक मायक्रोलिटरहून कमी रक्त आणि पंधरा सेकंदांच्या आसपास वेळ पुरतो. दुसऱ्या प्रकारात डबीसारखी एक कार्ट्रिज असते, तिला रक्त थोडे जास्त लागते, उत्तराला दोनेक मिनिटे जातात, कार्ट्रिज थंड जागी साठवाव्या लागतात, आणि यंत्र ठराविक तापमानाच्या बाहेर गेले की चालायलाच नकार देते. कडक उन्हात किंवा गोठवणाऱ्या थंडीत उभ्या असलेल्या गाडीत ही अडचण नेहमीची आहे. पट्टीचे यंत्र अधिक सोशिक असते, पण पट्ट्यांची डबी उघडी राहिली, ओल लागली किंवा मुदत उलटली की तेही निमूटपणे चुकीचा आकडा दाखवते, आणि असा आकडा नुसता पाहून ओळखू येत नाही.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगतो. एका तरुणाचा पाय यंत्रात अडकला होता, त्याला सोडवायला बराच वेळ लागला, तो घामाने निथळत होता. मी बोटाच्या टोकाला सुई टोचली, आलेला पहिलाच थेंब पट्टीला लावला, आणि आकडा आला ७.८. छातीत धस्स झाले. सोबतच्या अनुभवी सहकाऱ्याने माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, "बोट पुसलं होतं का सर?" घामात लॅक्टेटचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते आणि हाताला ठाऊक नव्हते. बोट धुऊन, कोरड्या गॉजने पुसून, पहिला थेंब टाकून दुसरा घेतला तेव्हा आकडा २.३ होता. त्या दिवसापासून शक्य तेव्हा मी बोटाला हात लावत नाही. शॉकमधल्या माणसाची बोटे तशीही गार आणि पांढरी पडलेली असतात, त्यांतून थेंब काढायला पिळावे लागते, आणि पिळून काढलेला थेंब विश्वासाचा नसतो. सलाईन लावण्यासाठी शीर धरावीच लागते. तिथलेच रक्त, सलाईन जोडण्याआधी, पट्टीवर घ्यावे. वेगळी सुई नको, वेगळा वेळ नको.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट. नव्याने येणारे डॉक्टर नेहमी विचारतात की रिंगर लॅक्टेटची बाटली चालू असेल तर आकडा खोटा वाढेल का. त्या द्रावणात लिटरमागे सुमारे २८ मिलिमोल लॅक्टेट असते खरे, पण शरीराची रोजची उलाढालच इतकी मोठी आहे की ज्याचे यकृत काम करते आहे अशा माणसात बाटलीमुळे आकड्यात फारसा फरक पडत नाही. ज्या हाताला ती बाटली चालू आहे त्याच हातातून, तिच्या सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतले तर मात्र फरक पडतो, आणि तो रुग्णाचा नसून बाटलीचा असतो. आणि नळीत घेतलेले रक्त पुढे प्रयोगशाळेत द्यायचे असेल, तर फ्लोराइड असलेली नळी वापरावी, कारण तांबड्या पेशींना मायटोकॉण्ड्रिया नसतात आणि त्या नळीतही ग्लुकोजचे लॅक्टेट करतच राहतात.

आकडा बरोबर आहे, पण कारण वेगळे आहे, असेही वारंवार घडते. आकडी येऊन गेलेल्या माणसाचे लॅक्टेट बरेच वाढलेले असते आणि आकडी थांबल्यावर तासा-दोन तासांत ते आपोआप उतरते. जो जिवाच्या आकांताने पळाला, ज्याने मारामारी केली, ज्याला स्ट्रेचरवर चौघांनी धरून ठेवावे लागले, त्याच्या स्नायूंनीही ते तयार केलेले असते. मद्य, यकृताचा जुना आजार, मधुमेहासाठी घेतलेले मेटफॉर्मिन, दम्यासाठी दिलेले साल्ब्युटामॉल, आणि आपणच टोचलेले ॲड्रेनलिन, या प्रत्येकाने आकडा वर सरकू शकतो. अपघाताच्या भीतीने आणि वेदनेने शरीरातले ॲड्रेनलिनही उसळलेलेच असते. म्हणून २.५ आणि ३ च्या दरम्यानच्या आकड्यावर मी एकट्याने निर्णय घेत नाही. ४ च्या वरचा आकडा मात्र कोणतेही सोयीचे स्पष्टीकरण समोर असले तरी रक्तस्रावाचाच आहे असे धरून चालतो. मद्य प्यालेल्या माणसाची प्लीहाही फाटू शकते.

या सगळ्या खोट्या वाढींपेक्षा मला खोट्या दिलाशाची भीती जास्त वाटते. सत्तरीकडे झुकलेल्या एक बाई जिन्यावरून पडल्या होत्या. कमरेत दुखत होते, पाय हलवता येत नव्हता. घटनेनंतर जेमतेम बारा मिनिटांत आम्ही त्यांच्यापाशी होतो. नाडी ७२, रक्तदाब १२४/७०, लॅक्टेट १.६. त्या म्हणाल्या, "बाळा, तू उगाच धावपळ करतोस, मला घरीच ठेव." मी फोनवर रुग्णालयाला तिन्ही आकडे सांगितले, शेवटचा जरा समाधानानेच सांगितला, आणि त्या समाधानाचा परिणाम असा झाला की पलीकडे त्यांना साध्या रांगेतली जागा ठरली. त्या नाडी आवरणारी गोळी घेत होत्या, म्हणून नाडी वाढलीच नव्हती. त्यांचा नेहमीचा रक्तदाब १६० च्या घरात असे, म्हणून १२४ हा त्यांच्यासाठी पडलेला रक्तदाब होता. त्या रक्त पातळ करणारे औषधही घेत होत्या, आणि कटिराचे (पेल्व्हिसचे) हाड मोडलेले होते. लॅक्टेट १.६ होते, कारण रक्त वाहायला नुकतीच सुरुवात झाली होती. पेशींच्या उपासमारीचा हिशेब रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि आम्ही तो वेळ होण्याआधीच मोजले होते. रांगेत तास गेला, आणि त्या तासापायी त्यांना अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढावे लागले. आकडा अचूक होता. तो मी ज्या सुरात सांगितला तो सूर चुकीचा होता.

त्यानंतर मी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला आणि तो आजवर मोडलेला नाही: वाढलेले लॅक्टेट रुग्णाला वरच्या पायरीवर नेऊ शकते, सामान्य लॅक्टेट कोणालाही खालच्या पायरीवर आणू शकत नाही. अपघाताचे स्वरूप, वय, औषधे, गार हात, तहान, अस्वस्थपणा, यांपैकी एकानेही जर संशय निर्माण केला असेल तर १.६ ने तो मिटत नाही. वृद्धांच्या बाबतीत तर रक्तदाबाचीही फूटपट्टी बदलावी लागते. अमेरिकेतील जखमींच्या वर्गवारीच्या २०२१ मधल्या सुधारित सूचनांत ६५ वर्षे आणि त्यावरील माणसाचा वरचा रक्तदाब ११० च्या खाली गेला की तो धोक्याचा मानावा असे म्हटले आहे, आणि माझ्या अनुभवाने मी त्याला दुजोरा देतो.

यंत्र गाडीत का हवे, याचे कारण आता सांगता येईल. रुग्णवाहिकेत आमच्या हाती निर्णय फार थोडे असतात. कोणत्या रुग्णालयात न्यायचे, आधी फोन करून काय तयार ठेवायला सांगायचे, रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सामिक आम्ल द्यायचे का, आणि जागेवर किती वेळ थांबायचे. यातला प्रत्येक निर्णय वेळेशी बांधलेला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस हजारांहून अधिक जखमींच्या चाचणीतून आणि तिच्या पुढच्या विश्लेषणातून कळले की ट्रॅनेक्सामिक आम्लाचा फायदा दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन तासांत दिले तरच मिळतो. काठावरच्या रुग्णाच्या बाबतीत हे निर्णय अर्धा तास आधी घ्यायला एखादा आकडा मदत करत असेल, तर पंधरा सेकंद त्याला देणे योग्यच आहे. तीस सेकंद मात्र देऊ नयेत. यंत्र सापडत नाही, पट्टी पडली, थेंब पुरला नाही, अशा कारणांनी गाडी एक मिनिटही उभी राहता कामा नये. वाहता रक्तस्राव दाबून धरण्याआधी कोणी पट्टी उघडत असेल तर त्याच्या हातातून यंत्र काढून घ्यावे.

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांनी स्वतःला निःशस्त्र समजू नये. बोटाचे नख पाच-दहा सेकंद दाबून सोडावे आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजावे. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या ४२४ रुग्णांवर दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. एका गटाचे उपचार लॅक्टेट पाहून केले, दुसऱ्याचे दाबलेल्या बोटाचा रंग परतण्याचा वेळ पाहून. २८ दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात ४३.४ टक्के आणि दुसऱ्यात ३४.९ टक्के होते; हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही, पण बोटाने केलेली तपासणी यंत्रापेक्षा निदान कमी पडली नाही. ते रुग्ण जखमी नव्हते, त्यामुळे तो निष्कर्ष मी जसाच्या तसा अपघातग्रस्ताला लावत नाही. तरी लॅक्टेट घेण्याआधी मी नख दाबतो, आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहतो.

लॅक्टेटचा खरा उपयोग दुसऱ्या मोजणीत आहे, हे मला उशिरा कळले. पहिला आकडा एका क्षणाचा असतो, दुसऱ्याने दिशा कळते. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेतच रक्त आणि प्लाझ्मा द्यावा का, हे तपासणारी ४३२ जखमींची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात यशापयश ठरवण्याचा मुख्य निकषच असा होता: मृत्यू, किंवा पहिल्या दोन तासांत लॅक्टेट तासाला किमान २० टक्क्यांनी न उतरणे. सलाईन दिलेल्या आणि रक्त दिलेल्या गटांत हे प्रमाण जवळपास सारखेच निघाले, ६५ आणि ६४ टक्के, त्यामुळे रक्त वाटेत देण्याचा वाद मिटला नाही. पण लॅक्टेटच्या उतरणीला त्यांनी मृत्यूच्या शेजारी बसवले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दुसरा आकडा वाचताना एक सावधगिरी लागते: अडकलेला पाय सुटला, किंवा द्रव देऊन रक्ताभिसरण सुधारले, की ऊतींत साठलेले लॅक्टेट एकदम रक्तात येते आणि आकडा थोडा वेळ वर जातो. रुग्ण डोळ्यांसमोर सुधारत असेल तर अशा चढाने घाबरून जाऊ नये, तिसरी मोजणी घ्यावी.

आता माझ्या नोंदीच्या कागदावर लॅक्टेटच्या शेजारी चार गोष्टी लिहिलेल्या असतात: दुखापतीपासून किती मिनिटे झाली, रक्त कुठून घेतले, आकडी, पळापळ किंवा झटापट झाली का, आणि कोणती औषधे पोटात आहेत. या चार गोष्टी नसतील तर पुढच्या डॉक्टरच्या हाती फक्त एक संख्या जाते, आणि ती कशाची, हे त्याला कळायला मार्ग राहत नाही.

फोनवर सांगण्याचा क्रमही बदलला. आधी अपघात कसा झाला, मग किती वेळ झाला, मग हात गार की उबदार, मग पहिले लॅक्टेट त्याच्या वेळेसह, आणि सर्वांत शेवटी रक्तदाब. परवा पोटाला मार लागलेल्या एका मुलीला आणत होतो. पहिला आकडा २.९ होता, रक्तदाब ११०. पलीकडे नवीन आवाज होता, ओळखीचा नव्हता. सगळे ऐकून घेऊन ती डॉक्टर म्हणाली, "ठीक आहे, रक्त मागवून ठेवते. दुसरं लॅक्टेट घेतलंत की लगेच कळवा." गाडी वळणावर होती, सहकाऱ्याने पट्टी उघडलेली होती, आणि मी मुलीचा दुसरा हात कोरडा पुसत होतो.